गणिताचे शिकवणी ॲप आणि घरचे उत्पन्न: एक परीक्षण

आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेले गणिताचे एक शिकवणी ॲप गेले काही महिने माझ्या परिचयातील दोन घरांतील मुले वापरत आहेत आणि मी अनेकदा त्यांच्या शेजारी बसून ते बारकाईने पाहिले आहे. दोन्ही मुलांची शाळेतील प्रगती जवळपास सारखी आहे. घरचे उत्पन्न मात्र सारखे नाही. मुलीकडे स्वतःचा टॅबलेट, खंड न पडणारे इंटरनेट आणि वर्गणी भरून घेतलेले सदस्यत्व आहे, तर मुलगा आईच्या मोबाइलवर मोफत आवृत्ती वापरतो.

आधी जे चांगले आहे ते मोकळेपणाने सांगायला हवे. प्रश्नांची चढण उत्तम बांधली आहे, भाषा सोपी आहे आणि मूल कुठे अडते ते ॲपला लवकर कळते. या गुणांवर ते बाजारातील इतर अनेक ॲप्सपेक्षा मला निश्चितच सरस वाटले.

अडचण पुढे आहे. मुलाने १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ अशी केली, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. या वयात ही चूक सर्रास होते आणि कोणी नीट उलगडून दाखवली की सुटते. मुलीने हीच चूक केली तेव्हा पडद्यावर एक पट्टी आली, तिचे सहा समान भाग झाले, त्यांतले तीन एका रंगात आणि दोन दुसऱ्या रंगात भरले गेले, आणि आपले उत्तर तर नुसत्या १/२ पेक्षाही लहान आहे हे तिला डोळ्यांनी दिसले. मुलाला मिळाली लाल फुली, मग जाहिरात, मग पुढचा प्रश्न. मुलीच्या घरी अपूर्णांक समजावून सांगणारे माणूस संध्याकाळी मोकळे असते. मुलाची आई कामावरून उशिरा येते आणि तिच्याबरोबरच मोबाइलही घरी येतो. ज्याला त्या पट्टीची खरी गरज होती, त्याच्याच वाट्याला ती आली नाही, आणि ही गोष्ट मला फार लागली.

वेळापत्रकाचेही तसेच. रोज ठरावीक वेळी सराव केला तरच गुण साठतात आणि खंड पडला की मोजणी शून्यावर येते. मोबाइल हाती आला नाही म्हणून सराव चुकला, तरी पालकांना जाणाऱ्या अहवालात मुलाच्या नावापुढे ‘अनियमित’ असाच शेरा उमटतो. तो वाचून आईने मुलालाच दोष दिला.

उत्पन्नाचा परिणाम ‘पैसे असले की पुस्तके येतात’ एवढ्यापुरता नसतो. अभ्यासाची शांत जागा, पुरेशी झोप, वेळेवर मिळालेला चष्मा, भाडे परवडेनासे झाल्यामुळे वर्षाच्या मध्येच बदललेली शाळा आणि मोठ्या माणसांचा वेळ या सगळ्यांतून तो वर्गापर्यंत पोहोचतो. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतील देशांमध्ये सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वरच्या आणि खालच्या चतुर्थांशातील विद्यार्थ्यांमध्ये गणितात सरासरी ९३ गुणांचे अंतर होते. या मोजमापात उत्पन्नाऐवजी पालकांचे शिक्षण, व्यवसाय आणि घरातील साधने धरली जातात. पण हे ॲप नेमक्या त्याच गोष्टी घरात आहेत असे गृहीत धरून चालते.

वेगळ्या गृहीतकावरही असे साधन उभे राहू शकते. ‘कोलिब्री’ ही मोफत व मुक्त स्रोत प्रणाली इंटरनेटशिवाय चालते. एका साध्या संगणकावर धडे उतरवून ठेवले की त्याच खोलीतील इतर उपकरणे स्थानिक जाळ्यावरून त्याला जोडता येतात आणि शिक्षकांना प्रत्येक मुलाची प्रगती पाहता येते. तिची मांडणी करून देणारे कोणीतरी जाणकार मात्र लागते. शिकवणीवरील ९६ प्रयोगांचे जे एकत्रित विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात शाळेच्या वेळेत दिलेल्या शिकवणीचा परिणाम शाळा सुटल्यानंतरच्या शिकवणीपेक्षा जास्त आढळला. ती शिकवणी माणसांनी दिलेली होती, ॲपने नव्हे. तरीही मुलाच्या संध्याकाळी कशा जातात ते पाहिल्यावर शाळेची वेळ का महत्त्वाची असते ते सहज कळते.

म्हणून माझे मत असे: ज्या घरी स्वतंत्र उपकरण आहे आणि वर्गणी सहज परवडते, त्यांनी हे ॲप अवश्य घ्यावे. ओढाताण करून वर्गणी भरण्याचा विचार असेल, तर आधी शाळेने सामूहिक सदस्यत्व घेऊन वर्गातच सराव ठेवावा, असा आग्रह पालकांनी धरावा; ती सोय या ॲपमध्ये आहे, फक्त तिची जाहिरात होत नाही. केवळ मोफत आवृत्तीच्या भरवशावर मुलाला सोडू नये. चूक कुठे झाली ते उलगडून दाखवणारे स्पष्टीकरण सर्वांना खुले करावे, एका मोबाइलवर धडे आधीच उतरवून ठेवण्याची मुभा द्यावी आणि अहवालातील तो शेरा काढून टाकावा, अशा तीन मागण्या मी कंपनीकडे लेखी पाठवल्या आहेत.