छावणीतील दिव्यांग मुलांविषयीचे पणजीतील प्रशिक्षण: पाचपैकी साडेतीन

आणीबाणीच्या प्रसंगी निर्वासित दिव्यांग मुलांना आधार कसा द्यावा, या विषयावरील दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी मी सत्तरी तालुक्यातून पणजीला गेले होते. शुल्क जेवणासह 600 रुपये होते. गोव्यात निर्वासितांची छावणी नाही, भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सहीही केलेली नाही, तेव्हा विशेष शिक्षिकेला याचा कितपत उपयोग, अशी शंका घेऊनच मी बसले. मात्र जुलै 2021 च्या पुरात माझ्या एका विद्यार्थ्याला काकांनी खांद्यावरून बाहेर काढले, त्याचे कॅलिपर (पायांना आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) घरातच राहिले आणि निवाऱ्यात तो चटईवरून हलू शकला नाही, हे पहिल्याच तासाला आठवले.

सर्वांत मोलाचे सत्र नोंदणीचे होते. 'मूल अपंग आहे का?' असे थेट विचारले, तर संकोचाने म्हणा वा भीतीने म्हणा, आई बहुधा नाही म्हणते. त्याऐवजी युनिसेफ आणि वॉशिंग्टन ग्रुप (दिव्यांगत्वाच्या आकडेवारीवर काम करणारा संयुक्त राष्ट्रांचा गट) यांच्या 2016 च्या प्रश्नावलीत पाहणे, ऐकणे, चालणे, शिकणे यांत मुलाला कितपत अडचण येते, हे विचारून उत्तर चार पायऱ्यांत लिहितात. मूल चष्मा वापरते का, हे आधी विचारायचे आणि वापरत असेल तर चष्मा लावून दिसते का, असे पुढे विचारायचे. जोड्या करून सराव करताना माझ्याकडूनच दोनदा क्रम चुकला.

ऑगस्ट 2017 पासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात आले. कॉक्स बाजारच्या टेकड्यांवरील त्यांच्या छावण्यांविषयीही नेमकी माहिती मिळाली. तेथील मातीच्या चढावर आणि पायऱ्यांवर चाकांची खुर्ची चालत नाही, म्हणून मुलाला रांगेत आणण्यापेक्षा शिधाच झोपडीपर्यंत पोहोचवणे शहाणपणाचे ठरते.

कायद्याचे सत्र मात्र पडद्यावरचा मजकूर वाचण्यातच संपले. दिव्यांगांची नोंद जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ठेवावी, असे 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या आठव्या कलमात आहे. ती यादी आपल्या जिल्ह्यात कोठे पाहायला मिळेल, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

गंभीर तक्रार सभागृहाची आहे. ते पहिल्या मजल्यावर होते, लिफ्ट नव्हती आणि चाकांच्या खुर्चीवरील एका प्रशिक्षणार्थीला दोन्ही दिवस चौघांनी उचलून वर नेले. संयोजकांनी दिलगिरी व्यक्त केली, पण दुसऱ्या दिवशीही जागा बदलली नाही. दीड गुण त्यासाठीच कापला. विशेष शिक्षकांनी आणि अंगणवाडी सेविकांनी हे प्रशिक्षण अवश्य घ्यावे, मात्र पैसे भरण्यापूर्वी सभागृह तळमजल्यावर आहे का, हे फोन करून विचारावे.