मंदीतले चित्रलिलाव आणि हौशी खरेदीदार: काही महिन्यांच्या अनुभवानंतर

मंदीत गायतोंडे यांच्यासारख्या मोठ्या चित्रकाराचं चित्र स्वस्त होत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी लिलावात भाग घेते म्हटल्यावर लोक हेच विचारतात: बाजार पडलाय, तर मोठी नावं आवाक्यात आली का? एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था पहिल्या सरकारी अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी आक्रसली. त्याच वर्षी सप्टेंबरात पंडोल्सच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र ३२ कोटींना गेलं. मार्च २०२१ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात त्यांचंच १९६१ सालचं चित्र ३९.९८ कोटींना गेलं. ज्याच्याकडे पैसा आहे तो पडत्या काळात उलट अशाच नावांकडे वळतो. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली त्याच दिवशी लंडनमध्ये डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलावंताच्या कामांचा लिलाव सुरू झाला आणि दोन दिवसांत ११ कोटी पौंडांच्या वर विक्री झाली. मार बसला तो नंतर, आणि आपल्याकडे तो बसला समकालीन चित्रकारांच्या कामांना. शेअरसारखी चित्रं घेऊन ठेवणारे तेव्हा अडकले.

मग आपल्यासारख्याला मंदीत मिळतं काय? कागद. पेन्सिल स्केच, जलरंगातले अभ्यास, शिळाछापं (दगडावरून छापलेली चित्रं), ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापं), सह्या असलेली सेरिग्राफ (जाळीच्या पडद्यातून छापलेली चित्रं). नोकरदार माणसाने गंभीरपणे बघावा असा भाग हा आहे, आणि गेल्या दिवाळीपासून मी तोच धरून बसले आहे. या काळात दोन गोष्टी एकदम घडतात. घरं आवरली जातात, वारस माळ्यावरचं सामान काढतात, त्यामुळे बॉम्बे स्कूलच्या, म्हणजे मुंबईच्या जेजे कलाशाळेच्या परंपरेतल्या, दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या चित्रकारांची कामं बाहेर येतात. आणि एरवी ती उचलणारे व्यापारी हात आखडून असतात, कारण त्यांचाच माल पडून असतो. राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही अशी किमान किंमत) न ठेवता होणाऱ्या लिलावांमध्ये हे स्पष्ट दिसतं. मोठ्या नावांवर बोल्या धडाधड चढतात आणि शेजारचा सुंदर जलरंग दोन-तीन बोल्यांत संपतो.

आता पैशांचं बोलू, कारण पडद्यावर दिसणारा आकडा म्हणजे बिल नव्हे. माझ्या एका बिलात अंतिम बोली होती ४०,००० रुपये. त्यावर २० टक्के बायर्स प्रीमियम (लिलावसंस्था खरेदीदाराकडून घेते ते कमिशन), म्हणजे ८,०००. चित्राच्या किमतीवर तेव्हाच्या दराने १२ टक्के जीएसटी, ४,८००. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी, १,४४०. एकूण ५४,२४०, आणि पॅकिंग, विमा, वाहतूक वेगळी. म्हणजे बोलीवर पस्तीस टक्क्यांहून जास्त चढले. प्रत्येक संस्थेचे दर आणि आकारणी थोडी वेगळी असते, तेव्हा अटी वाचूनच बसा. माझी पद्धत अशी की घरी येईपर्यंतचा एकूण खर्च आधी ठरवायचा, त्यावरून मागे येत बोलीची मर्यादा काढायची आणि ती प्रॉक्सी बोली (आपल्या वतीने संस्थेने त्या मर्यादेपर्यंत लावायची बोली) म्हणून आदल्या दिवशीच नोंदवून टाकायची. ऑनलाइन लिलावात शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढते, पुन्हा आली की पुन्हा वाढते. त्या वाढीव मिनिटांत माणसं भलतीकडे वाहवत जातात.

नोंदणी सोपी आहे. पॅन, पत्ता, काही ठिकाणी अनामत. त्यावर अधिक लिहिण्यासारखं नाही.

लिहिण्यासारखं आहे ते बघण्याबद्दल. मी घेतलेला एक ओलिओग्राफ रविवर्मा प्रेसचा आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छापांच्या नकला बाजारात इतक्या आहेत की भिंग घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. आजच्या ऑफसेट छपाईत भिंगाखाली चार रंगांचे ठिपके एकसारख्या फुलोऱ्यात मांडलेले दिसतात. दगडावरून छापलेल्या जुन्या छापात ठिपके हाताने दिलेले, लहानमोठे, कुठे दाट कुठे विरळ असतात आणि एका रंगाच्या थरावर दुसरा थर किंचित सरकलेला असतो. माझ्या लक्ष्मीच्या गालावर फिकट गुलाबी ठिपक्यांखालून पिवळट थर डोकावतो, आणि पदराच्या काठाशी निळा रंग रेषेच्या केसभर बाहेर गेलाय. खालच्या पट्टीत छापखान्याचं नाव शाबूत आहे, हे मोठंच भाग्य. जुन्या फ्रेमवाल्यांनी चौकटीत बसवण्यासाठी कितीतरी छापांची ती पट्टी कापून टाकली आहे. कॅटलॉगमधल्या फोटोत यातलं काही कळत नाही. म्हणून प्रत्यक्ष प्रदर्शन मांडलेलं असेल तर जाऊन या. जाता येत नसेल तर कोपऱ्यांचे, मागच्या बाजूचे आणि तिरप्या उजेडातले फोटो मागवा. मागितले की पाठवतात.

दुसरं काम म्हणजे जेजेत शिकलेल्या एका चित्रकाराचं पेन्सिलचं स्केच. नऊवारीतली बाई उकिडवी बसून सुपात काहीतरी निवडतेय. उजवं पाऊल दोनदा काढलंय, पहिली रेघ न खोडता. सूप मात्र एका दमात. अशी कामं विकत घेण्याच्या भावापेक्षा फार जास्त काही देतात असं माझं प्रामाणिक मत आहे. धुरंधर, हळदणकर, त्रिंदाद यांच्या पिढीने हात कसा घडवला ते पूर्ण झालेल्या तैलचित्रात लपतं आणि अशा अभ्यासात उघडं पडतं.

तक्रारही आहे. एका संस्थेकडून आलेल्या जलरंगाच्या स्थितीअहवालात ‘किरकोळ डाग’ एवढंच होतं. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) काढल्यावर खालच्या कडेला पाण्याची चांगली बोटभर तपकिरी रेघ निघाली. मागचा पुठ्ठा आम्लयुक्त, त्याचा पिवळेपणा कागदात उतरलेला. मी फोटोंसह लिहिलं. उत्तर आलं, ‘आहे त्या स्थितीत’ विक्री असते, अट वाचा. बऱ्याच पत्रापत्रीनंतर वाहतुकीचे पैसे परत मिळाले, बाकी काही नाही. अहवाल लिहिणाऱ्याने माउंट उचलून बघायला हवं होतं, आणि हे मी त्यांना तसंच कळवलं. तेव्हापासून मी प्रत्येक कागदी कामाबाबत एक प्रश्न लेखी विचारते: चौकटीतून बाहेर काढून तपासलंय का?

खोट्या कामांची भीती रास्त आहे. २०११ मध्ये कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून मांडलेली वीस चित्रं बनावट निघाली होती, आणि ती मांडली होती खुद्द कला महाविद्यालयात. म्हणून चित्र कुठल्या घरातून, कुठल्या गॅलरीतून आलं याचा माग नसेल तर मी सोडून देते, मग भाव कितीही मोहात पाडो.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याने शंभर वर्षांहून जुनी चित्रं आणि छापं देशाबाहेर नेता येत नाहीत. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी राय, नंदलाल बोस यांच्यासह नऊ चित्रकारांची कामं वयाचा विचार न करता याच बंधनात येतात. माझ्या न्यू जर्सीतल्या मावसबहिणीला ओलिओग्राफ हवा होता, तो नाद तिला सोडावा लागला. इथे राहणाऱ्याला मात्र याचा फायदा होतो, कारण लिलावातल्या अशा वस्तूंवर सहसा देशातलेच लोक बोली लावतात.

पुन्हा विकायचा विचार असेल तर या वाटेला जाऊ नका. विकतानाही संस्थेचं कमिशन असतं, म्हणजे भाव बराच वर गेल्याशिवाय मुद्दलही सुटत नाही. मी या पैशांकडे खर्च म्हणूनच बघते आणि इमर्जन्सीसाठी ठेवलेल्या रकमेला हात लावत नाही. पगारकपात चालू असताना तर हे फारच काटेकोरपणे पाळलं.

सध्या पावसाळा तोंडावर आहे, त्यामुळे खरेदी थांबवून आम्लमुक्त माउंट आणि भिंतीपासून थोडी सुटी राहणारी चौकट यावर खर्च चाललाय. गणपतीनंतर पुन्हा बसेन. दीनानाथ दलालांच्या दिवाळी अंकांतल्या मूळ रंगीत चित्रांपैकी एखादं कुठे लिलावात येतं का, यावर आता नजर आहे.