हिरवळीसाठी माती तयार करणारी यंत्रे: पुण्याच्या काळ्या जमिनीत काय उपयोगी पडते

बंगल्याभोवती हिरवळ करायची ठरली की सगळी चर्चा गवताच्या जातीभोवती फिरते. सिलेक्शन नंबर वन घ्यावे की मेक्सिकन, यावर घरात बराच खल होतो आणि माती कोणत्या यंत्राने तयार करायची हा प्रश्न मात्र ठेकेदारावर सोपवला जातो. वास्तविक गवताचे तयार तुकडे अंथरण्याचे काम एका दिवसात उरकते, पण ते गवत पुढे कसे वाढेल हे त्याखालच्या 6 ते 8 इंच मातीवर ठरते. आमच्या सुमारे 2,000 चौरस फुटांच्या आवारासाठी यंत्र निवडताना मिनी ट्रॅक्टर, डिझेल पॉवर टिलर (मागून चालत धरायचे माती फोडणारे दोन चाकी यंत्र) आणि पेट्रोलवर चालणारा पॉवर वीडर (त्याच कामाचे हलके यंत्र) या भाड्याने मिळणाऱ्या तिन्ही प्रकारांचा मी विचार केला. जास्त अश्वशक्तीचे यंत्र म्हणजे चांगले काम, हा समज घराच्या आवारात खरा ठरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिनी ट्रॅक्टरविषयी थोडक्यात सांगता येईल. रोटाव्हेटर, म्हणजे माती फोडणाऱ्या फिरत्या पात्यांचे अवजार, जोडलेला 15 ते 20 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर मोकळ्या फार्महाउसवर, म्हणजे पाच-दहा गुंठ्यांच्या सलग जागेत, झपाट्याने काम करतो. बंगल्याच्या आवारात मात्र त्याला वळायला जागा मिळत नाही, कुंपणालगतचा पट्टा आणि कोपरे तसेच राहतात, आणि भुसभुशीत केलेल्या मातीवरून तो पुन्हा पुन्हा फिरला की चाकोऱ्यांखालची माती दबते. हिरवळ बसल्यावर नेमक्या त्या पट्ट्यांत पाणी साचते.

पॉवर टिलर हे मला मनापासून आवडलेले यंत्र आहे. व्हीएसटी शक्ती 130 डीआयसारख्या 13 अश्वशक्तीच्या टिलरमध्ये इंजिन पुढे, चाके मध्ये आणि फिरणारी पाती मागे असतात, त्यामुळे यंत्राला पुढे नेण्याचे काम चाके करतात आणि पात्यांना फक्त माती फोडायची असते. खोली एकसारखी राहते ती यामुळेच. पण मागच्या फिरत्या पात्यांच्या जोडणीसह त्याचे वजन 400 किलोच्या आसपास जाते. आवारात जमिनीखाली पाण्याची किंवा सेप्टिक टाकी असेल, तर तिच्या स्लॅबवरून एवढे वजन नेण्याआधी दहा वेळा विचार करावा. फाटकातून आत घेताना पायऱ्या असतील तर प्रश्न तिथेच संपतो.

मधल्या आकाराच्या आवारासाठी मी शेवटी सुमारे 7 अश्वशक्तीचा पॉवर वीडर निवडला. यात दोन प्रकार असतात आणि भाड्याने देणारे हा फरक आपणहून सांगत नाहीत. स्वस्त प्रकारात चाकांच्या जागीच पाती बसवलेली असतात आणि तीच यंत्राला पुढे ओढतात. कडक जमीन लागली की पाती आत न शिरता यंत्र उड्या मारत पळते आणि धरणाऱ्याचे खांदे भरून येतात. दुसऱ्या प्रकारात पुढे चाके आणि मागे पाती असतात. त्याचे भाडे अधिक असले तरी बांधकामानंतर दबलेल्या जमिनीसाठी तोच घ्यावा. खोली ठरवणारी मागची दांडी पहिल्या फेरीला उथळ आणि दुसऱ्या आडव्या फेरीला खोल काम होईल अशी ठेवली, तर 6 इंचांपर्यंतची माती व्यवस्थित मोकळी होते. त्याआधी विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळे आणि बांधकामाची तार हाताने वेचून काढणे अपरिहार्य आहे, कारण तार पात्यांच्या दांड्याला गुंडाळली की ती सोडवण्यातच निम्मा दिवस जातो.

कोणतेही यंत्र घेतले तरी काळ्या मातीत वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य अशी बेताची ओल, पाहिल्याशिवाय ते सुरू करू नये. ओल्या काळ्या मातीत पाती फिरली की माती फुटण्याऐवजी चोपली जाते आणि पात्यांच्या खोलीवर एक गुळगुळीत, घट्ट थर तयार होतो, ज्यातून मुळेही उतरत नाहीत आणि पाणीही निचरत नाही. पूर्ण वाळलेल्या जमिनीत मोठी ढेकळे निघतात. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो फुटून विखुरला तर जमीन वाफशावर आहे. यंत्र दिवसाच्या भाड्याने ठरलेले असते आणि माणसे खोळंबलेली असतात, तरीही ओल जास्त असेल तर त्या दिवशी यंत्र परत पाठवणेच शहाणपणाचे आहे.

याहून मोठा धोका तणांचा आहे. हरळी आणि लव्हाळा असलेल्या जमिनीत रोटरी पाती थेट फिरवणे म्हणजे त्यांची लागवड करणे होय. हरळीच्या कांड्यांचे तुकडे होतात आणि प्रत्येक पेऱ्यातून नवा कोंब येतो. लव्हाळ्याच्या साखळीसारख्या जोडलेल्या गाठी सुट्या होऊन सगळ्या आवारात पसरतात. हिरवळ अंथरल्यावर महिन्याभरात लव्हाळ्याची टोकदार पाने गवतातून वर येतात आणि मग ती काढताना हिरवळच उपटली जाते. म्हणून यंत्र आणण्याच्या किमान महिनाभर आधी जमिनीला पाणी द्यावे, तण उगवू द्यावे आणि कुदळीने गाठींसकट खणून काढावे. ही फेरी पुन्हा एकदा करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते करू शकेल असे यंत्र या तिन्हींत नाही.

माती मिसळतानाही यंत्राचा उपयोग बेताने करावा. 2,000 चौरस फुटांवर 3 इंचांचा थर द्यायचा तर 500 घनफूट, म्हणजे 5 ब्रास लाल माती आणि चांगले कुजलेले शेणखत लागते. हा थर नुसता वर पसरून ठेवला तर खालच्या काळ्या मातीच्या सीमेवर पाणी थबकते, म्हणून उथळ फेरी मारून तो खालच्या मातीत मिसळावा. ढेकळे हरभऱ्याएवढी झाली की थांबावे. आणखी फेऱ्या मारून मातीचे पीठ केले, तर पहिल्याच पाण्यात वर पापुद्रा धरतो.

सपाटीकरण मात्र हातानेच चांगले होते. घरापासून बाहेरच्या बाजूला शंभरास एक एवढा उतार द्यावा, म्हणजे 30 फुटांत साधारण साडेतीन इंच. गवंड्याचा लेव्हल पाइप यासाठी पुरेसा आहे. भरपूर पाणी देऊन माती काही दिवस बसू द्यावी, खचलेले भाग भरावेत, आणि मग फळी व दाताळे फिरवून पाणी भरलेला हातरोलर चालवावा. रोलर ओल्या मातीवर फिरवू नये. चालताना पावलाचा ठसा अर्ध्या इंचाहून खोल उमटत नसेल, तर जमीन गवतासाठी तयार झाली.

एकदाच लागणारे हे यंत्र विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही. भाड्याने घेताना पाती झिजलेली नाहीत ना, गिअर तेल गळत नाही ना हे पाहावे, आणि यंत्र मागे घेताना पाती आपोआप थांबतात का, याची खात्री दुकानातच चालवून करून घ्यावी. ज्या यंत्रात पाती फिरत असतानाच मागचा गिअर पडतो, ते धरणाऱ्याच्या पायावर चढू शकते. असे यंत्र कितीही कमी भाड्यात मिळाले तरी घेऊ नये.