कच्ची वही, कॅलेंडर आणि भिंतीवरचा फळा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझा छपाईचा छोटा व्यवसाय आहे. मला धरून पाच माणसं. व्हिजिटिंग कार्ड, बिलबुकं, माहितीपत्रकं, लहान पुस्तिका अशी कामं आम्ही करतो. गेले नऊ महिने रोजच्या कामाची आखणी मी तीन गोष्टींवर चालवते आहे: खिशात मावणारी वही, फोनमधलं गूगल कॅलेंडर आणि भिंतीवरचा पांढरा फळा. त्याआधी कामांच्या याद्या ठेवणारी चार ॲप वापरून सोडली होती. कुठलीही नवी पद्धत पहिल्या महिन्यात छानच वाटते, म्हणून मुद्दाम थांबले आणि आता लिहिते आहे.

आधीची अवस्था सांगते, कारण ती बऱ्याच जणांना ओळखीची वाटेल. ग्राहकाचा फोन आला, "आमचं काम कुठवर आलं?" की माझं उत्तर ठरलेलं असायचं: "बघून सांगते." बघायचं म्हणजे मशीनवर जाऊन विचारायचं, डिझाइन करणाऱ्या मुलीला विचारायचं, व्हॉट्सॲपवर मागचा मेसेज शोधायचा आणि मग उलटा फोन करायचा. एका प्रश्नाला दहा मिनिटं, आणि असे प्रश्न दिवसभर चालूच. रात्री घरी जाताना वाटायचं, आज नेमकं केलं काय? एकदा दुकान बंद करता करता फोनवर एका ग्राहकाला प्रमाणपत्रं छापून द्यायचं कबूल केलं आणि ते कुठेच लिहून ठेवलं नाही. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी ते दारात उभे राहिले तेव्हा आमच्याकडे कागदसुद्धा कापलेला नव्हता. रात्री जागून छापून दिलं. ते काही बोलले नाहीत, पण पुन्हा आलेही नाहीत. तो माणूस मला अजून आठवतो.

सुरुवात वहीपासून केली. नियम एकच: कानावर पडलं की लगेच वहीत. तिथेच, उभ्या उभ्या, वाकड्यातिकड्या अक्षरात. नीट लावायचं काम संध्याकाळी. कल्पना नवीन नाही. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्यापाऱ्यांची जमाखर्चाची पद्धत छापून प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात तीन वह्या सांगितल्या होत्या. पहिलीत घडेल तसं भराभर टिपायचं, दुसरीत ते क्रमाने उतरवायचं, तिसरीत खात्यांवर चढवायचं. कच्ची वही, कीर्द आणि खतावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. पैशांच्या बाबतीत जे इतकं पक्कं आहे ते मी वेळेच्या बाबतीत कधी केलंच नव्हतं. सगळं थेट खतावणीत चढवायला बघत होते. फोनवर बोलता बोलता ॲप उघडायचं, प्रकल्प निवडायचा, तारीख भरायची. तेवढ्यात दुसरा फोन यायचा आणि नोंद अर्धवट राहायची.

तरीही पहिले दोन महिने वहीचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही, आणि या सगळ्या अनुभवात मला सर्वांत महत्त्वाचं तेच वाटतं. मी कामं लिहीत होते. "प्रूफ" (म्हणजे छापण्याआधी ग्राहकाला तपासायला पाठवायचा नमुना). "कागद सांगणे." "कोटेशन." यादी लांबत गेली. संध्याकाळी तिच्याकडे बघून जीव दडपायचा, आणि जे सोपं ते आधी उरकायचे. मग एका रविवारी जुनी पानं चाळताना लक्षात आलं की ज्या ज्या गोष्टींवरून ग्राहक रागावले होते, त्या प्रत्येकीत मी कुणाला तरी शब्द दिला होता. यादीत काम होतं, शब्द नव्हता. तेव्हापासून ओळ बदलली. आता "प्रूफ" असं न लिहिता "माहितीपत्रकाचं प्रूफ बुधवारी बारापर्यंत पाठवते, असं सांगितलं" असं लिहिते. कुणाला, काय, कधीपर्यंत. या तीन गोष्टी नसतील तर ती ओळ वहीत जात नाही.

आणि पानाच्या उजव्या बाजूला इतरांनी मला दिलेले शब्द. कागद कधी येणार, मजकूर कधी मिळणार, उरलेली रक्कम कधी देणार. ही बाजू मी आधी कधीच लिहीत नव्हते. माझा उशीर बहुतेक वेळा या उजव्या बाजूतून सुरू होतो, हे दोन आठवड्यांत दिसून आलं.

झोपेवरही परिणाम झाला. अर्धवट राहिलेल्या गोष्टी डोक्यात घोळत राहतात, हे आपण सगळेच अनुभवतो. २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं की हे घोळणं थांबायला काम पूर्ण व्हावंच लागतं असं नाही, ते कधी आणि कसं करायचं हे पक्कं ठरलं तरी पुरतं. माझ्याबाबतीत हे तंतोतंत खरं ठरलं. नुसतं "कोटेशन" लिहिलेलं असताना रात्री जाग यायची. "कोटेशन उद्या साडेनऊला, पाठवायचं अकरापर्यंत" असं लिहिल्यावर येत नाही.

कॅलेंडरचा पहिला महिना वाया गेला. प्रत्येक तासाला रंगीत चौकोन आखले होते. सकाळी अकराला कुणीतरी तातडीचं काम घेऊन आलं की सगळा दिवस कोलमडायचा आणि मग मी कॅलेंडर उघडायचंच टाळायचे. आता दिवसात दोनच चौकोन आहेत. सकाळी साडेनऊ ते अकरा कोटेशन आणि डिझाइन तपासणं. दुपारी चार ते साडेचार राहिलेले फोन. बाकी वेळ मोकळा, कारण दुकानात येणारा माणूस हाच तर व्यवसाय आहे, त्याला चौकोनात बसवता येत नाही. त्या दीड तासात फोन दुसरं कुणीतरी घेतं. एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की मनाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो, असं सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये मांडलं होतं. कागदाचा हिशेब करताना फोन घेतला की माझ्या बेरजा चुकतात, हे मी त्याआधीपासून भोगत आले होते.

अंदाजांबद्दलही सांगायला हवं. कोटेशनला पंधरा मिनिटं लागतात असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. वहीत सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहायला लागले तेव्हा चाळीस मिनिटांच्या आत एखादंच झालेलं दिसलं. हा दोष माणसाच्या स्वभावातच आहे म्हणतात. १९९४ मधल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. म्हणून आता मी अंदाज मनाने करत नाही. मागच्या तशाच कामाला किती वेळ लागला ते वहीत बघते आणि तेच सांगते.

कर भरण्याच्या तारखा, मशीनची सर्व्हिसिंग, भाडेकरार, विमा हे सगळं कॅलेंडरमध्ये दरवेळी आपोआप येईल असं टाकून ठेवलं आहे. सात दिवस आधी एक सूचना आणि आदल्या दिवशी एक. एकदा तासभर बसून हे करून टाका, याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

आता फळा. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुजवलेली कानबान पद्धत, म्हणजे कोणतं काम कुठवर आलं ते कार्डांवरून सगळ्यांना दिसत राहील अशी मांडणी, बऱ्याच जणांच्या कानावर असेल. आमचा फळा साधा आहे. सहा रकाने: मजकूर यायचा, डिझाइन, प्रूफ ग्राहकाकडे, छपाई, कटिंग-बाइंडिंग, तयार. प्रत्येक कामाचं एक कार्ड, त्यावर ग्राहक, किती प्रती, कागद आणि दिलेली तारीख. काम पुढे सरकलं की ज्याने ते केलं त्याने कार्ड सरकवायचं.

तिसऱ्या आठवड्यात मी फळ्यासमोर उभी राहिले आणि बराच वेळ बघतच राहिले. छपाईच्या रकान्यात दोन कार्डं होती आणि "प्रूफ ग्राहकाकडे" या रकान्यात अकरा. त्याच दिवसांत मी दुसरं मशीन कर्ज काढून घ्यायचा विचार करत होते, कारण काम मशीनवर तुंबतंय अशी माझी खात्री होती. मशीन तर मधूनमधून रिकामं होतं! काम तुंबत होतं ते मंजुरीसाठी. ग्राहक प्रूफ उघडून बघायचे नाहीत, मी आठवण करायची नाही, आणि मग आठव्या दिवशी दोघंही घाईत. मशीनचा विचार तिथेच सोडला. आता प्रूफसोबत एक ठरलेलं वाक्य जातं: "तुमची मंजुरी आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत छपाई पूर्ण होईल." तारखेचं घड्याळ मंजुरीपासून सुरू होतं. ग्राहकांना याचं वाईट वाटत नाही, उलट उत्तरं लवकर येतात. फोनची चारची वेळही मुख्यतः याच रकान्यासाठी आहे.

फळ्यामुळे तारीख सांगणंही सोपं झालं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे: रांगेत सरासरी जेवढी कामं असतात, ती म्हणजे दर दिवशी येणारी कामं गुणिले प्रत्येक काम आत राहण्याचे सरासरी दिवस. आमच्या भाषेत सांगायचं तर, मजकूर आणि मंजुरीसाठी थांबलेली सोडून फळ्यावर अठरा कार्डं असतील आणि दिवसाला तीन कामं येऊन तेवढीच बाहेर पडत असतील, तर आज आलेल्या कामाला साधारण सहा दिवस लागणार. पूर्वी मी ग्राहकाच्या चेहऱ्याकडे बघून "तीन दिवसांत देते" म्हणायचे. आता कार्डं मोजते आणि आठ दिवस सांगते. दोन दिवस जादा ठेवायचे, कारण प्लेट पुन्हा काढावी लागते, कागद ओला निघतो. डिझाइनच्या रकान्यात एका वेळी चारच कार्डं असा नियमही केला. ती मुलगी महिन्याने म्हणाली, "ताई, आता कुठलं आधी करू हे मला विचारावं लागत नाही." मला फार बरं वाटलं.

त्रासही आहेत. एकच गोष्ट कधी कधी तीन ठिकाणी लिहावी लागते. बाहेर असताना फळा दिसत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ त्याचा फोटो ग्रुपवर टाकतो. वही एकदा पावसात भिजली आणि दोन पानं गेली. सगळ्यांत मोठी उणीव कळली ती मी चार दिवस तापाने पडले तेव्हा. फळ्यावरची कामं माझ्याशिवाय व्यवस्थित चालली, पण वहीतले शब्द माझ्या अक्षरात माझ्याच उशाशी होते, आणि त्यातले दोन मोडले. तेव्हापासून दिलेला शब्द त्याच संध्याकाळी कार्डावर उतरतो, आणि जे काम फळ्यावर बसत नाही ते सगळ्यांना दिसणाऱ्या कॅलेंडरमध्ये जातं.

शुक्रवारचा एक तास हा या सगळ्याचा कणा आहे. कार्डं आणि प्रत्यक्ष कामं ताडून बघायची, वहीतल्या उरलेल्या ओळी निकालात काढायच्या. गर्दीच्या महिन्यात मी दोन शुक्रवार सोडले आणि तिसऱ्या आठवड्यात फळा खोटं बोलायला लागला. "तयार" मध्ये लावलेलं एक काम अजून बाइंडिंगलाच होतं, आणि ग्राहकाला मी बोलावूनही घेतलं होतं.

एकटीने किंवा एकट्याने व्यवसाय करणाऱ्यांना फळ्याची गरज कदाचित पडणार नाही, वही आणि कॅलेंडर पुरेल. दोन ठिकाणी काम चालत असेल तर भिंतीवरचा फळा अपुरा पडेल, तिथे हेच रकाने एखाद्या ॲपमध्ये करावे लागतील. तसं केलंत तर आधी आपली माहिती बाहेर काढता येते का ते तपासा. मी सोडलेल्या एका ॲपमधून दीड वर्षाच्या नोंदी अशा विस्कटून निघाल्या की शेवटी हाताने उतरवाव्या लागल्या.

सध्या चौथी वही चालू आहे. "बघून सांगते" हे वाक्य पूर्ण गेलेलं नाही, पण आता बघायला मान वर करून भिंतीकडे पाहायचं असतं, आणि फोन ठेवायच्या आत उत्तर देता येतं. पुढच्या महिन्यात "मजकूर यायचा" या रकान्यासाठीही मंजुरीसारखंच एक वाक्य ठरवणार आहे. आज तिथे सात कार्डं आहेत, त्यातलं एक तीन आठवडे हललेलं नाही. उद्या चार वाजता पहिला फोन त्यांनाच.