आय५, ८ जीबी, ५०० वॅट: ठाण्यात पहिला गेमिंग पीसी घेताना झालेली फसवणूक

"आय५ प्रोसेसर, गेमिंग मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ८ जीबी ग्राफिक कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट. टोटल ३८,०००."

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानाने आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलेलं हे कोटेशन. असंच काही तुमच्या मोबाइलवर आलं असेल, तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी पुढचं सगळं वाचा. या कोटेशनमध्ये एकाही वस्तूचं पूर्ण नाव नाही. जे लिहिलं नाही, तिथेच आमचे पैसे गेले.

मी घणसोलीला राहतो, रबाळे एमआयडीसीत नोकरी करतो. धाकटा भाऊ डिप्लोमा करतोय. माझा दिवाळीचा बोनस आणि त्याने सुट्टीत काम करून साठवलेले पैसे, असा मिळून हा पीसी घ्यायचा होता. कॉलेजचं ऑटोकॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) आणि मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम, एवढीच त्याची अपेक्षा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जायचा विचार होता, पण ट्रान्सहार्बरने ठाणं सरळ पडतं, काही बिघडलं तर दुकान हाताशी, म्हणून ठाण्यात घ्यायचं ठरलं. दुकानदार अतिशय गोड बोलला. समोर काचेचा कॅबिनेट, रंगीत पंखे, त्यावर जीटीए ५ चालू. "दादा, भावासाठी घेताय ना? मग निश्चिंत राहा, हेवी माल देतो." भावाचा चेहरा मला अजून आठवतो.

पीसी घरी आला आणि व्हॅलोरंट उघडलंच नाही. स्क्रीनवर 'व्हॅन ९००१' असा एरर. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, "गेमचा प्रॉब्लेम आहे, अपडेट येईल." गेमचा काही प्रॉब्लेम नव्हता. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतं. विंडोज ११ लाही टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमच्या मशिनवर दुकानदाराने विंडोज ११ ची ही पात्रता तपासणी चुकवून ते टाकलं होतं. म्हणजे हा प्रोसेसर चालणाऱ्यातला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

भावाने विंडोजमधलं टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सवर क्लिक केलं. आय५-३४७०. हा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, २०१२ सालचा, चार कोअर आणि चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. मदरबोर्ड एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डाचं कामकाज सांभाळणारी चिप), तो इंटेलने २०११ साली आणला. बोर्ड नवाकोरा दिसतो, कारण त्या जुन्या चिपसेटवर नवे बोर्ड आजही बनून येतात. बॉक्स सीलबंद, आतली रचना मात्र एका तपापूर्वीची. रॅम अर्थातच डीडीआर३, म्हणजे जुन्या प्रकारची. दुकानदार सारखं सांगत होता, "पुढे अपग्रेड करता येईल." त्या बोर्डावर प्रोसेसर बसवायच्या सॉकेटमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीपलीकडे काही बसत नाही. अपग्रेड करायचं तर प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिन्ही फेकून नव्याने घ्यायचे. विंडोज १० वर मागे जायचं म्हटलं, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला आहे.

आय३, आय५, आय७ हे आकडे एकाच पिढीत लहानमोठेपणा सांगतात, वेगवेगळ्या पिढ्यांमध्ये त्यांना काही अर्थ उरत नाही. २०२२ चा आय३-१२१००एफ हा २०१२ च्या आय५-३४७० ला सहज मागे टाकतो. पण गिऱ्हाइकाला आय५ मोठा वाटतो, आणि दुकानदार त्याच समजुतीवर धंदा करतो. पिढी सांगणारा आकडा (३४७० मधला ३, १२१०० मधले १२) कोटेशनमधून मुद्दाम गाळलेला असतो. शेवटच्या अक्षराकडेही बघा: इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लावल्याशिवाय डिस्प्ले येणार नाही.

आता ग्राफिक कार्ड. तोंडी सांगितलं होतं एएमडी कंपनीचं आरएक्स ५८०, ८ जीबी. जीपीयू-झेड नावाचं फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर आहे, त्यात शेडर्सचा (कार्डातल्या, चित्राची गणितं करणाऱ्या छोट्या युनिट्सचा) आकडा पाहिला: २०४८. मूळ आरएक्स ५८० मध्ये २३०४ असतात. एएमडीने २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी आरएक्स ५८० २०४८एसपी नावाचं कार्ड काढलं. त्याची चिप खरं तर आरएक्स ५७० च्या तोडीची. तेच आपल्याकडे मागचा '२०४८एसपी' गाळून विकलं जातं. त्यात आमचं कार्ड वापरलेलं. स्क्रूच्या खाचा घासलेल्या, थर्मल पॅडमधून (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्टीतून) तेल ओघळून बोर्डावर पसरलेलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोकरन्सीने ग्राफिक कार्डांवरचं मायनिंग (कार्ड चालवून नाणी मिळवणं) बंद केलं आणि दिवसरात्र राबवलेली कार्डं ढिगाने सेकंडहँड बाजारात आली. आरएक्स ५७० आणि ५८० ही मायनिंगवाल्यांची लाडकी कार्डं होती. आमचं तिथूनच आलं असं मी सिद्ध करू शकत नाही, पण नवं म्हणून दिलेलं ते कार्ड नवं नव्हतं, हे उघड्या डोळ्यांना दिसत होतं. वापरलेलं कार्ड घेण्यात गैर काही नाही, कमी बजेटमध्ये ते शहाणपणाचंही ठरू शकतं. पण ते वापरलेलं म्हणून, वापरलेल्याच्या भावात विकलं पाहिजे.

एनव्हिडिया या दुसऱ्या कंपनीच्या कार्डांत याहून वाईट प्रकार होतो. २०१०-११ सालच्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयचा बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून ते बऱ्याच नव्या पिढीचं जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकतात. विंडोजही मग खोटंच नाव दाखवतं. जीपीयू-झेड २०१८ पासून अशी बरीच कार्डं ओळखतं आणि नावाआधी 'फेक' असं लिहून दाखवतं. १०५० टीआय म्हणून दिलेल्या कार्डाला निळा व्हीजीए पोर्ट (जुन्या मॉनिटरची ॲनालॉग जोडणी) दिसला, तर जास्तच सावध व्हा. त्या पिढीपासून एनव्हिडियाच्या चिपमधून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही.

मला सगळ्यात जास्त राग आहे तो एसएमपीएसचा, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा, कारण तिथे प्रश्न पैशापुरता राहत नाही. जड गेम लावला की पीसी धाडकन बंद पडायचा. एकदा जळका वास आला, तेव्हा मी प्लग काढला आणि बाजूची काच उघडली. डब्यावर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या ओळीपुढे १६ अँपिअर. गुणाकार करा: १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात. आय५-३४७० चा कंपनीचा आकडा ७७ वॅट, त्या कार्डाचा साधारण १५०. बेरीज २२७, पंखे वेगळेच. चांगल्या प्रतीच्या ५०० वॅटच्या एसएमपीएसवर या ओळीपुढे चाळिसाच्या आसपास अँपिअर लिहिलेले असतात. आमच्या डब्याला ग्राफिक कार्डाची आठ पिनची वायरही नव्हती. जुन्या चार पिनच्या, हार्डडिस्कला लावायच्या वायरीवर कन्व्हर्टर लावून काम भागवलं होतं. आठ पिनच्या जोडणीतून १५० वॅटपर्यंत वीज जाणं अपेक्षित असतं; त्या बारीक वायरींवर एवढा भार टाकल्यावर प्लास्टिक वितळू शकतं. भाऊ रात्री उशिरापर्यंत त्याच्या शेजारी बसायचा, घरात आई झोपलेली असायची. ज्याने हे जोडलं, तो रोज असे पीसी जोडतो. त्याला हे कळत नव्हतं यावर माझा विश्वास बसत नाही.

दुकानात गेलो तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही आय५ मागितला, मी आय५ दिला. ८ जीबी सांगितलं, ८ जीबी आहे. यात चीटिंग काय?" खरेदीच्या दिवशी मी 'दादा' होतो. मी बिल काढलं, तर ते बिल नव्हतंच. वर 'एस्टिमेट' छापलेला कागद, जीएसटी नंबर नाही, सिरीयल नंबर नाही. पक्कं बिल मागितलं तेव्हा "१८ टक्के वर लागतील" म्हणाला होता. वॉरंटीसाठी त्याने 'टेस्टिंग वॉरंटी' हा शब्द काढला, म्हणजे दुकानातून निघताना चालू होतं, एवढीच हमी.

मी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तक्रार क्रमांक त्याला पाठवला. त्यानंतर त्याचाच फोन आला. एसएमपीएस बदलून चांगल्या कंपनीचा दिला, कार्ड परत घेऊन त्याचे काही पैसे दिले. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम घ्यायला तयार झाला नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे.

दुकान कुठलंही असो, पैसे देण्याआधी व्हॉट्सॲपवर लेखी मागा: प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर, बोर्डाची कंपनी आणि मॉडेल, रॅम डीडीआर४ की डीडीआर५, एक काडी की दोन, कार्डाची कंपनी, पूर्ण नाव, नवं की वापरलेलं, एसएमपीएसची कंपनी आणि १२ व्होल्टवरचे अँपिअर. रॅमच्या दोन काड्या बसवल्या तर ड्युअल चॅनल मिळतं, म्हणजे दोन्ही काड्यांतून एकदम माहिती जाते, आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळणार असाल तर त्याचा फरक डोळ्यांना दिसतो. जो दुकानदार "एवढं कोण लिहितं" म्हणतो, त्याच्याकडून उठून या. प्रामाणिक दुकानदाराला ही माहिती पाठवायला दोन मिनिटं लागतात, आणि असे दुकानदार ठाण्यात आहेत, वाशीतही आहेत. पीसी ताब्यात घेण्याआधी त्याच्याच टेबलावर टास्क मॅनेजर, जीपीयू-झेड आणि एसएसडीसाठी (फाइली साठवणाऱ्या डिस्कसाठी) क्रिस्टलडिस्कइन्फो उघडायला लावा. शेवटच्यात एसएसडी किती तास चालली आहे तेही कळतं. मग जड गेम किंवा स्ट्रेस टेस्ट (पूर्ण भार टाकणारी चाचणी) अर्धा तास चालू ठेवा. तेवढा वेळ तो देत नसेल, तर कारण उघड आहे.

'१८ टक्के वर लागतील' म्हणणाऱ्याला सांगा: बॉक्सवर एमआरपी छापलेली असेल तर तिच्यात सगळे कर धरलेले असतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि जुना माल नवा म्हणून विकणंही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मुदत दोन वर्षांची. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. पक्कं बिल नसेल तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपचं संभाषण आणि कोटेशन जपून ठेवा. प्रत्येक भागाचे, सिरीयल नंबर वाचता येईल असे फोटो काढा, आणि ते वस्तू दुकानात परत नेण्याआधी काढा.