कार्बन ग्लायडरसाठी लांब अँटेनांचा संच: एका हंगामाच्या वापरानंतर

रेडिओवर उडवायच्या मॉडेल विमानात ट्रान्समीटरचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरबरोबर येणाऱ्या अँटेना बहुधा १० ते १५ सेंटीमीटर लांबीच्या असतात, आणि फोमच्या किंवा बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) मॉडेलमध्ये त्यांच्याविषयी तक्रार करण्याचे काही कारण पडत नाही. माझी अडचण सुरू झाली ती एफ५जे वर्गातल्या (विजेच्या मोटरने उंची गाठून मग तरंगणाऱ्या मॉडेल ग्लायडरांचा स्पर्धावर्ग), जवळजवळ ४ मीटर पंखविस्ताराच्या ग्लायडरपासून. त्याचे धड नाकापासून शेपटीपर्यंत कार्बन फायबरचे आहे, आतली रुंदी जेमतेम ४० मिलिमीटर, आणि सर्व्हो (सुकाणूचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) व बॅटरी बसवल्यावर रिसीव्हरसाठी उरते ती जागा पंखाच्या खाली, अगदी कोपऱ्यात. तेथून धडाबाहेर निघण्याइतक्या मूळ अँटेना लांब नव्हत्या. म्हणून २५ सेंटीमीटरच्या दोन सुट्या अँटेनांचा एक संच घेतला, तो एक पूर्ण हंगाम वापरला, आणि त्यावरून हे लिहीत आहे.

प्रथम वस्तूकडे पाहू. पाकिटात दोन बारीक कोॲक्स केबल असतात, म्हणजे मध्ये तार, तिच्यावर इन्सुलेशन, त्यावर धातूची जाळी आणि बाहेर आवरण. एका टोकाला रिसीव्हरवर दाबून बसवायचा छोटा गोल कनेक्टर असतो आणि दुसऱ्या टोकाला आवरण व जाळी काढून उघडी ठेवलेली तार. खरी अँटेना म्हणजे ही उघडी तार तेवढीच. बाकीची केबल ही फक्त वाट आहे. हे रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात; त्या कंप्रतेला तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटीमीटर पडते, तिचा चौथा हिस्सा म्हणजे साधारण ३१ मिलिमीटर, आणि तार तेवढीच लांब असायला हवी. पूर्वी ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर उडवणाऱ्यांना शेपटीपर्यंत ताणलेली मीटरभर तार आठवत असेल. तिच्या मानाने हा तुकडा इतका लहान दिसतो की त्याचे महत्त्व लक्षात येत नाही. मी दोन्ही तारा पोलादी पट्टीवर ठेवून मोजल्या. एक बरोबर ३१ मिलिमीटर होती, दुसरी २९. दोन मिलिमीटरने विमान पडत नाही, परंतु इतक्या साध्या वस्तूत एवढी काळजी निर्मात्याने घ्यायला हरकत नव्हती. मी दुसऱ्या केबलचे बाहेरचे आवरण धारदार पात्याने हलकेच कापले, जाळी दोन मिलिमीटर मागे सारून कातरली आणि लांबी जुळवून घेतली. आतल्या इन्सुलेशनला पात्याचा ओरखडा जाऊ द्यायचा नाही, एवढेच पथ्य या कामात आहे.

लांब केबलमुळे सिग्नल कमी होईल, ही शंका रास्त आहे. इतक्या बारीक कोॲक्समध्ये २.४ गिगाहर्ट्झला तोटा होतोच, पण जादा १०-१२ सेंटीमीटरमागे तो अर्ध्या डेसिबेलच्या आसपास राहतो. रेडिओचा पल्ला निम्म्यावर यायला ६ डेसिबेल गमवावे लागतात. उघडी तार कार्बनच्या आत राहिली, तर होणारे नुकसान याहून कितीतरी मोठे असते, कारण कार्बन फायबर वीज वाहून नेते आणि रेडिओलहरींसाठी जवळजवळ पत्र्यासारखेच वागते. ग्लास फायबर आणि केव्हलर यांतून लहरी विनासायास आरपार जातात. म्हणूनच कित्येक निर्माते धडाचा पुढचा भाग केव्हलरचा किंवा ग्लासचा करून मागची नळी तेवढी कार्बनची ठेवतात. ज्यांचे ग्लायडर तसे आहे त्यांना हा संच घेण्याची मुळीच गरज नाही. फक्त रंगाकडे लक्ष द्यावे, कारण धातूची पूड असलेला चकचकीत रंग ग्लासच्या धडालाही अडसर ठरू शकतो.

बसवण्याचे काम नाजूक असले तरी अवघड नाही. पंखाच्या बैठकीच्या जरा पुढे, धडाच्या दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला, दोन मिलिमीटरचे एकेक भोक पाडले आणि त्यात पुशरॉडच्या (सर्व्होची हालचाल शेपटीपर्यंत नेणाऱ्या काडीच्या) आवरणासाठी मिळणारी प्लास्टिकची नळी चिकटवली. केबल नळीतून ओढून उघडी तार पूर्णपणे बाहेर आणली आणि तिच्या मुळाशी जाळीचाही दोन-तीन मिलिमीटर भाग बाहेर ठेवला, म्हणजे तारेचा कोणताही भाग कार्बनच्या सावलीत उरत नाही. भोके पोटाकडे पाडण्याचा मोह टाळावा. हे ग्लायडर पोटावरच उतरते आणि गवतात पहिली मोडेल ती अँटेना. बाहेर आलेल्या दोन मिशांमुळे हवेचा अवरोध वाढतो, असे काटेकोर उडवणारे म्हणतील, आणि तत्त्वतः ते खरे आहे. मला मात्र उतरण्याच्या गतीत जाणवण्याजोगा फरक दिसला नाही.

दोन तारांमधला कोन हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. सरळ तारेभोवती तिची ग्रहणक्षमता सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबसारखी पसरलेली असते: आडव्या दिशांना भरपूर, आणि तारेच्या टोकाच्या दिशेने जवळजवळ शून्य. पहिल्या वेळी मी दोन्ही तारा नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून धडाला समांतर, मागे वळवून ठेवल्या होत्या. ग्लायडर थेट माझ्याकडे येऊ लागले की दोन्ही तारांची टोके एकाच रेषेत येत, आणि नेमक्या त्याच वेळी टेलिमेट्रीचा (विमानाकडून ट्रान्समीटरवर परत येणाऱ्या माहितीचा) सिग्नल कमी झाल्याचा इशारा वाजे. आता एक तार वर व बाहेरच्या बाजूला तिरकी आहे, दुसरी मागे वळलेली, आणि त्यांच्यात साधारण काटकोन आहे. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या उबदार हवेत, गोल फिरताना ग्लायडर सतत कलते, तोंड फिरवते, कधी नुसते पोट दाखवते; अशा वेळी दोघींपैकी एक तरी सोयीच्या दिशेत राहते.

जमिनीवरच्या चाचणीत फरक स्वच्छ दिसला. ट्रान्समीटर रेंज चेकवर, म्हणजे पल्ला जवळूनच तपासता यावा म्हणून शक्ती मुद्दाम कमी करणाऱ्या स्थितीत, ठेवून एका सहकाऱ्याने ग्लायडर कमरेच्या उंचीवर धरले आणि नाक, शेपूट, दोन्ही बाजू व पोट असे क्रमाने माझ्याकडे केले. जुन्या अँटेना आत असताना नाक माझ्याकडे होताच २० पावलांवर सर्व्हो अडखळू लागले होते. नव्या मांडणीत ४० पावलांवरही कोणत्याच दिशेला इशारा वाजला नाही. ही चाचणी केवळ एका बाजूने करून समाधान मानणारे पुष्कळ आहेत. वाईट दिशा शोधून काढणे हाच तिचा हेतू असतो.

आता तक्रार. कनेक्टर हा या संचाचा कच्चा दुवा आहे. या जातीचे कनेक्टर साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यापुरतेच बनवलेले असतात, आणि माझ्याकडे आलेल्या दोहोंपैकी एक पहिल्यापासूनच सैल बसत होता. तिसऱ्या आठवड्यात जरा जोराने उतरल्यावर झाकण उघडून पाहिले, तर तो रिसीव्हरवरून सुटून बाजूला पडला होता. उरलेल्या एका अँटेनेवर ते उड्डाण पार पडले, यात माझे कौशल्य काहीच नव्हते. विक्रेत्याला कळवले, तर उत्तरात जोडणीचे छापील पत्रक पुन्हा पाठवण्यात आले. शेवटी केबल रिसीव्हरच्या अंगाशी छोटा सैल वेढा देऊन बांधली, म्हणजे ओढ कनेक्टरवर येत नाही, आणि वर सिलिकॉनचा एक थेंब सोडला. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन येथे चालत नाही, ते तांब्याला गंज आणते. तटस्थ प्रकारचे घ्यावे. कनेक्टरचेही दोन आकार प्रचलित आहेत आणि लहान आकाराचा मोठ्यावर बसत नाही, हे मागवण्यापूर्वी रिसीव्हर डोळ्यांसमोर धरून तपासावे. पाकिटावर त्याचा उल्लेख इतक्या बारीक अक्षरात आहे की मला तो भिंगाखाली वाचावा लागला.

याच निर्मात्याची टी आकाराची, दोन भुजांची डायपोल अँटेनाही मी आणली होती. त्या भुजा मिळून सुमारे ६० मिलिमीटर होतात, त्यामुळे ती चाळीस मिलिमीटरच्या धडात आडवी मावत नाही, आणि बाहेर काढायची तर दोन मिलिमीटरच्या भोकातून जात नाही. ती फोमच्या ग्लायडरमध्ये लावली आहे आणि तेथे निर्धास्तपणे चालते. कार्बनच्या धडासाठी मी पुन्हा हाच लांब संच घेईन, पण यापुढे दोन पाकिटे एकदम घेऊन त्यांतले घट्ट बसणारे दोन कनेक्टर निवडून वापरीन.