मिरकरवाड्याचं इंजिन गॅरेज: काम चोख, पण घाई असेल तर जाऊ नका

होडीचं डिझेल इंजिन दाखवायला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या बिनपाटीच्या गॅरेजात जरूर जा, फक्त जुलै संपत आल्यावर नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, म्हणजे किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या, म्हणून सगळं बंदर तेव्हाच इंजिनं घेऊन तिथे. फोन कोणी उचलत नाही. बिल वहीच्या पानावर.

उशिराचं खरं कारण वेगळंच. इथे पोरं शिकतात, आणि तुमच्याच इंजिनावर! माझं इंजिन तापत होतं. पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, गेलेला. एका पोराने तो बदलला, झाकण बसवायला घेतलं. गॅरेजचे मिस्त्री हात मागे बांधून उभे. म्हणाले, "जुन्याची पाती मोज." एक कमी. "मग ते गेलं कुठे?" पोराने इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलरकडे जाणारा पाइप सोडवला, तर तुकडा आत अडकलेला. तसाच राहिला असता तर भर समुद्रात पुन्हा तापलं असतं. मिस्त्रींच्या हाताला हे काम किती वेळाचं? पण माझी दुपार गेली.

पोरगा नववीत शाळा सोडलेला, बाप खलाशी. बंदीत घरात पैसा नाही आणि शाळा उघडते नेमकी जूनमध्ये, वह्या-पुस्तकांचा खर्च घेऊन. पोरं मिळेल त्या कामाला लागतात, ती परत वर्गात जातच नाहीत. मिस्त्री दर शनिवारी पैसे हातावर ठेवतात, दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरायला लावतात, आणि पोरगा दोन दिवस दिसला नाही की "वहिनी, कुठाय तो?" म्हणत त्याच्या दारात हजर.

दहावीच्या निकालात कोकण बोर्ड पहिलं आलं की आपण खूश. परीक्षेपर्यंत न पोचलेल्यांचं कोण विचारतो? २०२४ मध्ये सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, बारावी पासला महिना ६,००० रुपये, आयटीआयवाल्याला ८,०००. चांगलंच झालं, पण नववीवाल्याला तिथे दार नाही. त्याला असा एखादा मिस्त्रीच, आणि मिस्त्री आता थकलेत. मच्छीमार सोसायटीच्या सभेत आम्ही डिझेलवरच्या कराच्या परताव्यावर घसा कोरडा करतो. बंदरातल्या जाणत्या कारागिरांना थोडं मानधन देऊन दोन-दोन पोरं सोपवा, हे मी यंदा मांडणार आहे. हसतील, हसू देत.

दर वाजवी. सुटे भाग स्वतः नेलेत तरी कुरकुर नाही. इंजिन जूनच्या सुरुवातीलाच सोडा, आणि पोराच्या हातात पाना दिसला म्हणून ओरडू नका.